ओघळीतले नऊ बांध आणि दोन खोल्यांचा पाया

ऑक्टोबर २०२२ मधल्या परतीच्या पावसात एका रात्रीत आमच्या शेताचा कडेचा पट्टा गेला. सकाळी चुलतभावाचा फोन आला, "ताई, आंब्याची मुळं उघडी पडल्यात, येऊन बघून जा." मी पुण्याहून दुसऱ्या दिवशी पोचले. डोंगराच्या पायथ्याचं अडीच एकर रान, त्याच्या कडेनं उतरणारी ओघळ. लहानपणी आम्ही ती उडी मारून ओलांडायचो, आता तिच्यात उभं राहिलं तर मी खांद्यापर्यंत आत जात होते. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं शेणखत घालून काळी केलेली माती खालच्या ओढ्यात गेली होती. दादा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या पट्ट्यातलं. पाऊस कमी म्हणजे धूप कमी असं मला वाटायचं, पण तसं नसतं. आमच्याकडे चार महिन्यांचा पाऊस कधीकधी चार तासांत पडतो आणि उघड्या माळावरून गवताचा अडथळाही न लागता सुसाट खाली येतो.

पहिली चूक लगेच केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये जेसीबी बोलावला, तासाला १,२०० रुपयांनी पाच तास, म्हणजे ६,००० रुपये. माळावरचे दगडगोटे लोटून ओघळीच्या तोंडाशी पाच फूट उंच ढीग घातला. वरून सपाट, या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा. बघायला भक्कम वाटत होता. २०२३ चा पावसाळा आमच्याकडे जवळजवळ कोरडाच गेला, पण सप्टेंबरात एक जोराची सर आली आणि तेवढी पुरली. ढीग जागेवर राहिला, मात्र पाणी त्याच्या अंगावरून न जाता बाजूनं काठ कापून गेलं. आणखी तीन फूट रुंदीची जमीन गेली, आणि ती माझ्या बांधामुळे गेली. त्या दिवशी मी काठावर बसून रडले. पैशांपेक्षा दादांच्या जमिनीचं वाईट वाटत होतं.

नोव्हेंबरात गावच्या कृषी सहायकांना भेटले. त्यांनी जागा पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "मॅडम, वरून पाणी जायला वाट कुठं ठेवलीय?" मी काहीच ठेवली नव्हती. या कामाला सरकारी भाषेत 'अनघड दगडी बांध' म्हणतात, हे तेव्हा कळलं. दगड घडवायचा नाही, सिमेंट लावायचं नाही, नुसती रचाई करायची. त्यांच्या सांगण्यावरून शेजारच्या गावातले जुने बांध पाहायला गेले. पाणी फाउंडेशनची जलसंधारणाच्या कामांची पहिली वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत झाली आणि कोरेगावातलं वेळू गाव पहिलं आलं. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात हे काम हातानं केलेली माणसं गावोगाव सापडतात. त्यांतल्याच एकांनी मला अर्धा दिवस दिला. त्यांच्या बांधांमागे गाळ भरून त्यावर मारवेल गवत माजलं होतं, दगड शोधावे लागत होते. इतका न दिसणारा बांध मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांनी मला डोंगराच्या वरच्या टोकाला नेलं आणि तिथून खाली बघायला सांगितलं. माथ्यावर पाण्याचा जोर कमी असतो, म्हणून सुरुवात तिथून करायची आणि टप्प्याटप्प्यानं पायथ्याकडे यायचं. मी नेमकं उलट केलं होतं. सगळं पाणी एकत्र झालं होतं तिथे एकच मोठा ढीग घातला होता.

मग कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण कुणाला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

हे काम रोजगार हमीतून होऊ शकतं का, हे आधी पाहिलं. होऊ शकतं. पण त्यासाठी ते ग्रामसभेतून आराखड्यात यावं लागतं, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग मजुरांची मागणी आणि हजेरीपत्रक. पुढच्या पावसाळ्याआधी हे जमणार नव्हतं. शिवाय २०२४-२५ ला रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता आणि आमच्याकडे बागेतल्या कामाला त्याहून जास्त मिळत होते. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि गावात मजूर आहेत त्यांनी हा मार्ग नक्की धरावा. मी पदरच्या पैशांनी करायचं ठरवलं.

दुसरा प्रश्न दगडांचा. दगड गौण खनिजात येतो. आपल्या शेतातला असला तरी खणून काढून वापरायचा किंवा विकायचा तर महसूल खात्याचा संबंध येतो, आणि विनापरवाना उत्खनन सापडलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. माझे दगड सुटे, माळावर पडलेले, हातानं वेचायचे आणि त्याच गटात, म्हणजे त्याच जमिनीत, वापरायचे होते. तरी मी लेखी विचारून घेतलं. ११ डिसेंबर २०२३ ला तहसील कचेरीत अर्ज दिला. सोबत सातबारा, आठ-अ, चतुःसीमा, कच्चा नकाशा. कारकुनांनी नीट वाचून सांगितलं की सातबाऱ्यावर पाच नावं आहेत, सगळ्यांची संमती लागेल. माझं, भावाचं, काकांच्या दोन मुलांचं आणि काकूंचं. काकूंची सही मिळवायला सांगलीला जावं लागलं, कारण त्या मुलीकडे होत्या. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "तुझ्या वडलांनी आन् काकांनी मिळून त्यो ताल (शेताचा बांध) घातलेला. पडू दिऊ नगंस." मी निघेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

पुढे स्थळपाहणी झाली. गाव नकाशावर ओढा म्हणून दाखवलेली जागा सरकारी असते, त्यात आपल्याला परस्पर काही बांधता येत नाही. आमची ओघळ नकाशावर नव्हती, ती गटाच्या आतच तयार झालेली होती. हे तुम्ही आधी भूमी अभिलेखच्या नकाशावर तपासून घ्या, माझे त्यामुळे दोन हेलपाटे वाचले असते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडला. खालच्या शेतकऱ्यांनी हरकत घेतली, "वरच पाणी आडवलं तर आमच्या विहिरीला काय?" त्यांची भीती खरी होती, मला त्यांचा राग आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना सोबत घेऊन शेजारच्या गावातले ते जुने बांध दाखवले. सुट्या दगडांतून पाणी झिरपतच राहतं, अडते ती माती. त्यांनी स्वतः वाकून दगडांच्या फटी पाहिल्या आणि संध्याकाळी संमती लिहून दिली. तहसीलचं पत्र ६ फेब्रुवारी २०२४ ला हातात पडलं, अर्ज दिल्यापासून ५७ दिवसांनी. प्रत्येक कागदाची आवक क्रमांकासह पोच घेत गेले होते, त्यामुळे मध्ये कुठे अडकलंय ते दर वेळी दोन मिनिटांत समजायचं.

आता खरं काम. ४ मार्चला सोमवारी सकाळी सहाला सुरू केलं. मुख्य गवंडी साठीच्या पुढचे, वडार समाजातले. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. त्यांचे वडील कोयना धरणावर दगडाच्या कामाला होते. कोयनेची १०३ मीटर उंच भिंत रबल-काँक्रीटची, म्हणजे तिच्या पोटातही मोठाले दगडच आहेत. मामांच्या घरात ती भिंत स्वतःच्या वाड्यासारखी सांगितली जाते. सोबत दोन बायका आणि एक तरुण गडी. मजुरी सगळ्यांना सारखी, ४५० रुपये. दगड उचलण्यात बाई कमी पडत नाही, हे मी रोज पाहत होते.

माझ्या जुन्या ढिगाकडे पाहून मामा म्हणाले, "ताई, ह्यो समदा गोटा हाय. गोटा गडगडतो, बसत न्हाई." आमचा डोंगर काळ्या पाषाणाचा. हा खडक हवेपाण्यानं कुजतो तेव्हा कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि आत गोल गाभा उरतो. माळावर तसलेच गोटे जास्त. धारदार कोनांचे दगड एकमेकांत अडकतात, गोल दगडांना पाणी सहज लोटतं. मग असं ठरलं की कोनांचे मोठे दगड बाहेरच्या अंगाला आणि वर, गोटे आणि लहान दगड पोटात. नारळाहून लहान दगड बाहेरच्या थरात लावायचाच नाही.

ओघळ १८० मीटर लांब, आणि वरपासून खालपर्यंत साधारण नऊ मीटर उतार. पारदर्शक नळीत पाणी भरून आम्ही पातळ्या घेतल्या. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत यावा, म्हणजे मधलं पाणी पायरीसारखं उतरतं, असा नियम आहे. अडीच फूट उंचीच्या हिशोबानं बारा बांध निघाले. दगड नऊ बांधांना पुरले, म्हणून मधल्या सपाट भागात अंतर वाढवलं.

एका बांधाची रचना सांगते, कारण माझा पहिला ढीग आणि हे बांध यांतला सगळा फरक तिच्यातच आहे. आधी तळाशी पाऊण फूट खोदायचं आणि दोन्ही काठांत दोन-दोन फूट आत चर घ्यायचे, म्हणजे बांधाचे खांदे काठात रुततात आणि पाण्याला बाजूनं वाट मिळत नाही. दगड लांबीच्या बाजूनं आत जाईल असा झोपवायचा, डोकं फक्त बाहेर. वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, एक फूट उंचीला एक फूट उतार. खालच्या अंगाला मात्र एक फूट उंचीला तीन फूट. एवढा पसरट कशाला म्हणून मी विचारलं. मामांनी घमेल्यातलं पाणी त्या उतारावर ओतून दाखवलं. पाणी दगडादगडांवर आपटत, फुटत खाली आलं, एकदम कोसळलं नाही. माथ्याची रुंदी दीड फूट. आणि मध्यभाग दोन्ही खांद्यांपेक्षा नऊ इंच खाली, म्हणजे पूर आला तरी पाणी मधूनच जातं. मी गमावलेले तीन फूट या नऊ इंचांअभावी गेले होते.

"पान्याला आडवायला जाऊ नगा," मामा दुपारच्या भाकरीला बसलो असताना म्हणाले, "त्याला दमवायचं आन् वाट दिऊन सोडायचं." सिमेंटची भिंत घातली असती तर तिच्यामागे पाणी तुंबून दाब वाढला असता आणि पाया एका जागी जरी खचला तरी तडा गेला असता. सुटा दगड खचला तर जरा सरकतो आणि पुन्हा बसतो. अर्थात हे लहान ओघळीपुरतं खरं आहे. जिथे पाण्याचा लोंढा मोठा आहे तिथे तारेच्या जाळीतला बांध किंवा पक्कं काम लागतं, तिथे हा प्रयोग करू नका.

दगड वेचण्याबद्दल एक काळजीची गोष्ट. उतारात घट्ट रुतलेला दगड उपटायचा नाही, नाहीतर तिथूनच नवी ओघळ सुरू होते. आणि कुठलाही दगड आधी पहारीनं उलटायचा, हात घालायचा नाही. आमच्या माळावर फुरसं हा विषारी साप आहे, विंचू तर भरपूर. तिसऱ्या दिवशी एका ताईंना विंचू चावला, दगड उचलताना बोटालाच. पंधरा मिनिटांत त्यांना मोटरसायकलवर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथे प्राझोसिनची गोळी दिली आणि रात्रभर ठेवून घेतलं. विंचूदंशावर या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिला, हे मला माहीत होतं. पण दवाखान्याच्या बाकावर बसून त्या ताईंच्या हाताला सुटलेला घाम पुसताना डॉक्टरांचं नाव किती वेळा मनात आलं असेल. ताई दोन दिवसांनी कामावर आल्या. जाड हातमोजे आणि बूट मी त्यानंतर आणले. पहिल्या दिवशीच आणायला हवे होते, ही माझी चूक.

होळीच्या आधी, २० मार्चला नववा बांध पुरा झाला. एकूण ५६ मजूरदिवस, म्हणजे २५,२०० रुपये. ट्रॅक्टर चार दिवस, १०,००० रुपये. सगळे मिळून ३५,२००.

एप्रिलमध्ये घराचा पाया घेतला. घर म्हणजे अवजारं ठेवायला आणि मुक्कामाला दोन खोल्या, १२ बाय २४ फूट. इथे माळावरचे दगड चालणार नव्हते, खाणीतलं डबर, म्हणजे फोडलेले दगड, लागणार होतं. मामा सुतकीनं (गवंड्याच्या हातोड्यानं) दगड वाजवून बघायचे. टणटणीत वाजला तर घ्यायचा, भद्द वाजला तर बाजूला. कुजका दगड घराच्या पायात पाच-दहा वर्षं कळत नाही, नंतर भिंत सांगते.

गरज काढली ती अशी : ८४ फूट लांबीचे चर, अडीच फूट रुंद, चार फूट खोल. त्यावर दीड फूट रुंद, दोन फूट उंच जोतं. आत नऊ इंचांचं सोलिंग, म्हणजे फरशीखालचा दगडांचा थर. तूट धरून १४ ब्रास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. पोचवून २,२०० रुपये ब्रास असा भाव ठरला. पहिली ट्रॉली आली, रसीदवर एक ब्रास. मी टेप घेऊन चढले : दहा फूट लांब, साडेपाच रुंद, दीड उंच. म्हणजे ८२ घनफूट. चालकाशी भांडले नाही, आकडा वहीत लिहून त्याची सही घेतली आणि मालकाला फोन करून मोजमापाप्रमाणेच पैसे देईन म्हणून सांगितलं. पुढच्या ट्रॉल्या नीट आल्या. डबर घेताना वाहतुकीचा पास आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याची पावती मागून घ्या. २०२४ मध्ये ब्रासला ६०० रुपये स्वामित्वधन होतं, आणि कुणी फार स्वस्तात देऊ लागला तर ते भरलंय का हे आधी विचारा. दगडांच्या बिलाचे ३०,८०० झाले.

वरची तीन फूट काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया ठेवला की भिंती हलतात. म्हणून चौथ्या फुटाला मुरूम लागेपर्यंत खाली गेलो. तळाशी काँक्रीटचा थर, त्यावर सिमेंट-वाळूत डबराचं बांधकाम. दर थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, म्हणजे दोन्ही बाजू बांधल्या जातात. फटी नुसत्या मालानं भरायच्या नाहीत, दगडाच्या कपच्या ठोकायच्या, याबद्दल मामा फार कडक होते. ७ मे ला लोकसभेचं मतदान होतं, तेव्हा दोन दिवस काम बंद राहिलं. आतल्या भरावात खणलेली काळी माती परत टाकायचा मोह होतो, खर्च वाचतो. टाकू नका. आम्ही मुरूम भरला, पाणी मारून धुम्मसानं ठोकला आणि त्यावर डबर उभं लावून सोलिंग केलं. दगड, ५५ पोती सिमेंट, क्रश सँड, जेसीबी आणि मजुरी धरून पायाचा खर्च १,१२,८५० रुपये आला. बांधांच्या तिप्पट.

जून २०२४ मध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा मी पुण्यात होते. रात्री झोप लागली नाही. सकाळी भावानं व्हिडिओ पाठवला. पाणी बांधांच्या मधल्या खोलगट भागातून जात होतं, काठ शाबूत. ऑक्टोबरपर्यंत सर्वांत वरच्या बांधामागे फूटभर गाळ साठला. त्यावर मारवेलीचे ठोंब लावले आणि दोन्ही खांद्यांवर घायपात.

एक उणीव मात्र उघडी पडली. चौथ्या बांधाच्या पायथ्याशी पाणी पडून गुडघाभर खड्डा झाला होता. बाकीच्या बांधांखाली आम्ही चार-पाच फूट मोठ्या दगडांची फरसबंदी केली होती, चौथ्याला दगड कमी पडले म्हणून दोनच फूट. नोव्हेंबरात ती पुरी केली, एका दिवसाचं काम.

खरी परीक्षा मे २०२५ च्या अखेरीस झाली. मे महिन्यात असा पाऊस आमच्या पट्ट्यात वयस्कर माणसांनाही आठवत नव्हता. तिसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाल्यावर मी पोचले. सहाव्या बांधाचा डावा खांदा दीड फूट खचला होता, पण दगड खाली वाहून न जाता तिथेच पसरले होते. बाकी आठ जागेवर. आंब्याच्या मुळांवर माती होती. ज्यांनी ग्रामसभेत हरकत घेतली होती ते आपल्या विहिरीच्या काठावर उभे होते. त्यांनी मला हाक मारून बोलावलं आणि वाकून पाणी दाखवलं, दोन परस, म्हणजे साधारण दोन माणसांच्या उंचीएवढं, खाली आणि गढूळ नसलेलं.

सहाव्याच्या खांद्यासाठी दगड वेचून ठेवलेत. मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून या वेळी ते खुर्चीवर बसून सांगणार आहेत आणि रचाई त्या दोन ताई करणार आहेत.